मेंढ्यांच्या बाजूचा पडदा

मी एक जुना पडदा आहे. नाटकाच्या पडद्याला टाळ्या मिळतात, खिडकीच्या पडद्याला वारा मिळतो. मी कत्तलखान्यातला पडदा आहे. मला पाणी मिळते, तेही पाइपने.

मित्रांनो, लगेच पान उलटू नका. तुमच्या वर्गात आजवर फाटक्या छत्रीने, मोडक्या खुर्चीने, बंद पडलेल्या घड्याळाने आपापली कहाणी सांगितली असेल. त्यांच्यासाठी तुम्ही हळहळलाही असाल. मला कोणी बोलावले नाही, आणि ते एका अर्थी बरेच झाले. मी पहिले वाक्य उच्चारले असते तर मधल्या सुट्टीत निम्मे डबे तसेच घरी परत गेले असते. तरीही आज सांगतो, कारण मला लाज वाटते. कापड घडी घालून ठेवले तर त्याला कसर लागते. लाज घडी घालून ठेवली तर तिला काहीच होत नाही, ती नुसती वाढते.

माझा जन्मच मुळी एका थापेतून झाला. कापडाच्या दुकानात एक बाई आल्या आणि त्यांनी जाड, चॉकलेटी रंगाचे कापड मागितले.

"कशासाठी हवंय, वहिनी?" दुकानदाराने विचारले.

"खिडकीला."

"एवढं? खिडकी आहे का गावाची वेस?"

"मोठी आहे खिडकी."

"मग जरा फिका रंग घ्या ना. यातून उजेड येणार नाही."

"नकोच आहे," बाई म्हणाल्या आणि पिशवी पुढे केली.

या बाई म्हणजे मामी. आमच्या कत्तलखान्यातल्या सुरीवाल्या मामांच्या पत्नी. मामा तसे कोणाचेच मामा नव्हते, पण ज्याच्या हातात सुरी असते त्याला नाते जोडून हाक मारलेली बरी, असा तिथल्या लोकांचा विचार असावा. मामी घरी शिवणकाम करीत. मोठ्या साहेबांनी पडद्याचे काम मामांना सांगितले, मामांनी मामींना सांगितले, आणि मामींनी दुकानदाराला खिडकी सांगितली. चॉकलेटी रंग निवडला तो डाग दिसू नयेत म्हणून. मामींनी माझ्या वरच्या काठाला लोखंडी कड्या बसवल्या, खालच्या काठाला दुहेरी शिवण मारली, आणि मशीन थांबवून मला एकदा सरळ हाताने कुरवाळले. माझ्या आयुष्यातला हा पहिला आणि बहुधा एकमेव असा स्पर्श, ज्याच्या मागे काही काम नव्हते.

आता माझी गरज का पडली ते सांगतो. फार पूर्वी म्हणे हे काम भर रस्त्यात, दुकानाच्या दारात चाले. शेजारी भाजी विकली जाई, समोर मुले गोट्या खेळत. मग शहर सुधारले. सुधारलेल्या लोकांना मटण हवे होते, पण मेंढी नको होती. म्हणून कत्तलखाना गावाबाहेर, मोठ्या नाल्यापलीकडे नेला. पण गाव काही स्वस्थ बसले नाही, ते नाला ओलांडून मागोमाग आले. तेव्हा भोवती भिंत बांधली. भिंतीवरून वास येऊ लागला, तेव्हा भिंतीलगत झाडे लावली. पाटीवरचे 'कत्तलखाना' खोडून 'मांस प्रक्रिया केंद्र' असे लिहिले. कवींनीही हातभार लावला. कवितेतले कोकरू नेहमी हिरवळीवर बागडत असते. पुढच्या कडव्यात ते कुठे जाते, हे कोणताही कवी सांगत नाही.

अशी सगळी झाकाझाक झाल्यावर कोणाच्या तरी मनात आले की जनावरांसाठीही थोडी झाकाझाक असावी. म्हणून नियम झाला: एका जनावराच्या डोळ्यांसमोर दुसरे जनावर कापू नये. नियम चांगला होता. तो काचेच्या चौकटीत घालून भिंतीवर लावला होता, आणि त्या चौकटीवरची धूळ पुसली जात नसे, यावरून त्याचा मान लक्षात येईल.

तर माझी जागा अशी. बाहेरच्या गोठ्यातून एक अरुंद बोळ यायचा. बोळाच्या टोकाला मोठी खोली, पांढऱ्या फरशीची, मोरीकडे उतार असलेली. बोळ आणि खोली यांच्या मध्ये लोखंडी दांडीवर मी. एका बाजूला मेंढ्या, दुसऱ्या बाजूला मामा. मेंढ्या आणणाऱ्या माणसाचे नाव होते शिट्टी. तो दातांच्या फटीतून हलकी शीळ घालायचा आणि मेंढ्या त्याच्यामागून येऊन माझ्यासमोर ओळीने उभ्या राहायच्या. तो मला हातभर बाजूला सारायचा, एक मेंढी आत जायची, मी पुन्हा बंद व्हायचो.

मित्रांनो, मेंढ्यांचा माझ्यावर फार विश्वास होता. त्या मला नाक लावत. त्यांचा गरम श्वास माझ्या धाग्यांत शिरे. काही जणी मला चाटत, एखादी माझा खालचा काठ चघळत उभी राही. पलीकडे काय चालले आहे ते मला ठाऊक होते, कारण माझी दुसरी बाजू तिकडेच होती. पण मी जाड होतो आणि गप्प होतो. माझ्या कामासाठी एवढे दोनच गुण लागत.

मी लावलेला असलो की त्या शांतपणे जात. मी नसलो की पाय रोवत, थरथरत, ओरडत जात. जात दोन्ही वेळा. यात माझ्याकडून पुण्य किती घडले आणि मदत कोणाला झाली, हा हिशेब मी अजून करतो आहे. कामावर देखरेख करणाऱ्या मुकादमांना असा प्रश्न पडत नसे. ते म्हणत, "दया केली की कामही पटापट होतं." अशी दया त्यांना फार आवडे. पण गर्दीचे दिवस आले की मी अडचण होई. प्रत्येक मेंढीमागे मला सारा, मग ओढा. तेव्हा मुकादम ओरडत, "गुंडाळा रे तो परकर!" आणि मला वर आकड्याला अडकवून ठेवत. शिट्टीची शीळ त्या दिवशी चालत नसे. तो मेंढ्यांना कानाला धरून ओढायचा आणि शेवटी त्यांच्याऐवजी मुकादमांकडे बघून शिव्या द्यायचा, मनातल्या मनात.

महिन्यातून एकदा मामा मला सायकलला बांधून घरी धुवायला नेत. कत्तलखान्यातून निघण्यापूर्वी ते स्वतःलाही धूत. कोपरापर्यंत साबण, नखांत ब्रश, मग लिंबाची फोड. मग इस्त्रीचा शर्ट आणि खिशाला पेन. ते पेन मी कधी उघडलेले पाहिले नाही. आळीत सगळ्यांना माहीत होते की मामा 'कोल्ड स्टोरेजमध्ये' आहेत. हे अगदीच खोटे नव्हते. कोल्ड स्टोरेज कत्तलखान्याच्या मागच्याच अंगाला होते, मामा त्याच्यासमोर सायकल लावत.

मामांची मुलगी एका दवाखान्यात रक्त तपासण्याच्या कामाला होती. तिथले रक्त बाटलीत असल्यामुळे प्रतिष्ठित होते. लहानपणापासून शाळेत, मैत्रिणींत, सगळीकडे तिनेही 'कोल्ड स्टोरेज' हेच सांगितले होते. आता तिला एक स्थळ आले होते. मुलगा बँकेत. दोघे आधी भेटलेले, एकमेकांना आवडलेले. फक्त घरच्यांनी घरच्यांना बघायचे राहिले होते. मामी माझा काठ उसवून शिवत होत्या तेव्हा तिघांचे बोलणे झाले.

"मी त्यांना खरं सांगून टाकते," मुलगी म्हणाली.

"लग्नानंतर सांग," मामा म्हणाले.

"लग्नानंतर सांगायला ती काय आनंदाची बातमी आहे?"

"म्हणून तर म्हणतोय, पोरी. झाकली मूठ सव्वा लाखाची."

"बाबा, पण मूठ माझी आहे ना?"

"मूठ तुझी, हात माझे," मामा म्हणाले आणि आपल्या हातांकडे बघत बसले. मामींची सुई बोटात गेली.

रविवारी मुलाकडचे आले. मला घडी घालून ट्रंकेवर ठेवले होते. ऐनवेळी मामींनी माझ्यावर पांढरी चादर टाकली. पडद्यावर पडदा, हा मान फार थोड्यांना मिळतो. मुलाचे वडील मोठे दिलखुलास गृहस्थ होते. निवृत्त झाले होते आणि समाजकार्य करीत होते. जेवताना त्यांनी दोनदा मटण मागून घेतले.

"वा! काय कोवळं आहे हो! आम्हांला असं मिळत नाही. कुठून आणता?"

"ओळखीचा आहे एक," मामा म्हणाले.

"आमच्यासाठीही सांगून ठेवा त्याला."

"सांगतो," मामा म्हणाले. मुलीने ताटातून नजर वर केली नाही. जाताना त्या गृहस्थांनी मामांचे दोन्ही हात हातांत घेतले आणि म्हणाले, "काय स्वच्छ हात आहेत! नाहीतर आमचे, नुसती शाई." मामा हसले. माझ्या मते ते हसू नव्हते, पण चादरीआडून मला नीट दिसले नाही.

पुढच्याच आठवड्यात कत्तलखान्यात पाहणी होती. शहराची आरोग्य समिती येणार होती. मोठे साहेब घाबरले. मागच्या वेळी समितीतले एक सदस्य आत डोकावले आणि आडवे झाले होते. त्यांना शुद्धीवर आणायला त्या दिवशी जेवढे पाणी लागले, तेवढे फरशीला कधी लागले नव्हते.

"नियम तर दाखवायला हवेत, आणि आतलं तर दिसायला नको," साहेब म्हणाले. "काय करायचं?"

"सोपं आहे साहेब," मुकादम म्हणाले. "पडदा या बाजूला लावू. ऑफिसच्या दाराकडून."

"आणि मेंढ्यांच्या बाजूला?"

"एक दिवसाचा प्रश्न आहे. मेंढ्या काय तक्रार करणारेत?"

शिट्टी म्हणाला, "मुकादम, त्या चालायच्या नाहीत."

"तू शीळ घाल रे. तुला पगार कशाचा देतो?"

आणि माझी दांडी काढून माणसांच्या दारावर ठोकली. मित्रांनो, त्या क्षणी मला लाज वाटायला हवी होती. खरे सांगतो, बरे वाटले. मला इस्त्री केली. माझ्यासमोर कुंडी ठेवली. पहिल्यांदाच माझ्या पुढ्यात नाके नव्हती, बूट होते, पॉलिश केलेले. मला वाटले, बढती मिळाली.

समिती आली. सगळ्यांच्या नाकाला रुमाल. सर्वांत पुढे अध्यक्ष. त्यांनी "नमस्कार" म्हटले आणि मी तो आवाज ओळखला. दोनदा मटण मागणारा आवाज होता तो. पलीकडे मामांनीही ओळखला. समितीचे अध्यक्ष कोण, हे सुरीवाल्याला आधी कोण सांगणार? माझ्या पाठीमागे मामांचा श्वास थांबला, तो मला लागायचा बंद झाला. ते रबरी एप्रन घालून, हातात सुरी धरून उभे होते, आणि त्यांचे भावी व्याही माझ्या या बाजूला, हातभर अंतरावर.

अध्यक्षांनी चष्मा लावून भिंतीवरचा नियम मोठ्याने वाचला.

"एका जनावराच्या डोळ्यांसमोर दुसरे जनावर... वा. माणुसकी म्हणतात ती ही. तर पडदा आहे ना?"

"आहे ना साहेब. हा काय," मुकादमांनी मला थोपटले.

अध्यक्षांनी माझे टोक दोन बोटांत धरून पाहिले. "छान जाड आहे. काही दिसत नाही."

"काहीच दिसत नाही, साहेब."

सगळ्यांनी समाधानाने माना डोलावल्या. कोणाला दिसत नाही, असे कोणीच विचारले नाही. मांजर नुसते डोळे मिटून दूध पिते. माणसांना कापड लागते, आणि वर ते जाड आहे याची खात्री लागते.

पण तिकडे बोळाचे तोंड उघडे होते. शिट्टीने शीळ घातली. पहिली मेंढी आली आणि थांबली. तिला सगळे दिसत होते, सकाळी कापलेल्या मेंढ्याही. तिने पाय रोवले. तिच्यामागे दुसरी थांबली, मागे सगळी ओळ. शिट्टीने पुन्हा शीळ घातली. खोलीत कसलाच आवाज नव्हता.

"काम बंद आहे का आज?" अध्यक्षांनी विचारले.

"चालू आहे साहेब. शांतपणे चालतं आपल्याकडे," मुकादम म्हणाले.

आणि ती मेंढी सुटली. मागे जायला जागा नव्हती, म्हणून पुढे. फरशीवर घसरत, पडत, उजेड दिसला तिकडे. उजेड माझ्या खालून येत होता. तिचे डोके माझ्या काठात अडकले, कड्या पटापट उसवल्या, दांडीचे एक टोक निखळले, आणि मी अर्धा खाली आलो. मेंढी मला शालीसारखे पांघरून अध्यक्षांच्या पायांशी गेली, कुंडी पाडली, आणि तिथेच मला झटकून ऑफिसच्या टेबलाखाली जाऊन उभी राहिली.

समोर मामा होते.

एप्रन, सुरी, कोपरापर्यंत रक्ताळलेले हात. त्या दिवशी लिंबू लावलेले नव्हते. दोघे व्याही एकमेकांकडे बघत राहिले. अध्यक्षांचा रुमाल नाकावरून खाली आला. त्यांचे ओठ हलले. मला वाटले, आता ते म्हणतील, "तुम्ही?" मामा म्हणतील, "हो, मी." शिवी आली असती तरी चालली असती. शिवीत निदान ओळख असते.

"पडदा लावा," अध्यक्ष म्हणाले.

मुकादम हातोडी शोधायला धावले. हातोडी सापडेना. तेव्हा अध्यक्षांनी माझे लोंबणारे टोक स्वतःच उचलले आणि हात उंच करून स्वतःच्या तोंडासमोर धरले. आणि मित्रांनो, पलीकडून मामांनी सुरी खाली ठेवली, पुढे येऊन माझा दुसरा काठ धरला आणि तोही वर उचलला. दोघे व्याही मला मध्ये धरून उभे राहिले, अळीमिळी गुपचिळी. एका बाजूने कोरडे हात, एका बाजूने ओले.

मला तेव्हा लाज वाटली. माझ्या धाग्याधाग्याला वाटली. त्या मेंढीने मला झटकले, ते बरोबर केले होते. तिला मी काय आहे ते कळले होते.

संध्याकाळी फाटलेला मी मामांच्या घरी होतो. मामी उसवलेल्या कड्या मोजत होत्या तेवढ्यात फोन आला. मामा उभे राहून बोलले. "हो... हो... बरं... तुमचे उपकार." फोन ठेवून ते खुर्चीवर बसले.

"व्याह्यांचा होता. फार मोठ्या मनाचा माणूस. म्हणाले, मी काही पाहिलंच नाही. तुम्हीही विसरा. तारीख काढू."

"काय पाहिलं नाही?" मुलीने विचारले. मग मामांना सगळे सांगावे लागले. मेंढी, कुंडी, मी. दोघांनी मला कसे धरले तेही. सांगताना मामा थोडे हसले, आणि एकटेच हसत आहेत हे कळल्यावर थांबले.

"तुम्ही पण धरलात, बाबा?"

"तुझ्यासाठी धरला."

"आणि मी लहानपणापासून धरलाय. कोल्ड स्टोरेज, कोल्ड स्टोरेज." ती माझ्याजवळ येऊन बसली. माझ्यावरचा ओल्या हाताचा डाग तिने पाहिला. चॉकलेटी रंगावरही तो दिसत होता. "आयुष्यभर मी त्यांच्या घरात राहायचं, आणि त्यांनी माझ्या बापाला पाहिलेलंच नाही?"

"पोरी, जमलेलं मोडू नको," मामा म्हणाले. त्यांचा आवाज शिट्टीच्या शिळेसारखा झाला होता, हलका, पुढे या म्हणणारा.

"मी मोडत नाही. मी फक्त सांगते."

तिने मुलाला फोन लावला. "ऐक. माझे बाबा मेंढ्या कापतात. रविवारी तुम्ही खाल्लंत, तेही त्यांनीच कापलेलं होतं. तुझ्या बाबांनी आज त्यांना पाहिलंय. तुला चालत असेल तर घरी ये, आणि त्यांच्याशी बोल."

मुलगा म्हणाला की बाबांना विचारून सांगतो.

तो अजून विचारतो आहे.

दुसऱ्या दिवशी मामी ठिगळासाठी कापड आणायला गेल्या. रंग जुळावा म्हणून माझीच एक चिंधी त्यांनी सोबत नेली होती, त्यामुळे पुढचे मी स्वतः ऐकले.

"ओळखलं," दुकानदार म्हणाला. "त्या मोठ्या खिडकीचा ना?"

मामींनी चिंधी त्याच्यापुढे सरकवली. "खिडकीचा नाही," त्या म्हणाल्या. "कत्तलखान्याचा आहे. मेंढ्यांना दिसू नये म्हणून. आमचे हे कापतात तिथे."

दुकानदाराचा गज हवेत राहिला. मग त्याने तो कापडावर ठेवला, माप घेतले, आणि न विचारता वीतभर जास्त कापून दिले.

मला पुन्हा जागेवर लावले, मेंढ्यांच्या बाजूला. दांडी ठोकताना मामांची मुलगी खाली स्टूल धरून उभी होती. ती तिथे पहिल्यांदाच आली होती. तिचा चेहरा पांढरा पडला होता, पण तिने नाकाला रुमाल लावला नाही. परत जाताना मामा तिच्याबरोबर निघाले. हात धुतले, लिंबू लावले. पेन मात्र खिशाला लावायचे विसरले, किंवा विसरले नसतील.

माणसांच्या दाराला आता वेगळा पडदा आहे. फुलाफुलांचा. पुढची पाहणी झाली तेव्हा समितीने त्याला हात लावून पाहिले, जाडी वाखाणली, चहा घेतला आणि ती गेली. माझ्यापर्यंत कोणी आले नाही. गर्दीच्या दिवशी मुकादम अजूनही ओरडतात, "गुंडाळा रे तो परकर!" हल्ली मामा सुरी खाली ठेवतात आणि म्हणतात, "तो सोडल्याशिवाय मी हात लावणार नाही." मुकादम चडफडतात आणि सोडतात. म्हणून मी अजून लोंबतो आहे. याचा मला अभिमान वाटावा की आणखी लाज, ते ठरत नाही. मी सोडलेला असतो तेव्हाही मेंढ्या जातातच.

मित्रांनो, जुन्या वस्तू शेवटी काहीतरी मागतात. मला रंग नको, इस्त्री नको, मला टाकून देऊ नका असेही मी म्हणणार नाही. तुम्ही मटण खावे की खाऊ नये, हे सांगण्याचा अधिकार कापडाला नाही. माझी विनंती लहान आहे. कुठेही एखादा पडदा दिसला आणि कोणी तुम्हांला तो किती जाड आहे ते कौतुकाने दाखवू लागले, तर तेवढे विचारा की हा कोणाच्या डोळ्यांसाठी लावलाय. उत्तर आवडले नाही तर निदान तो आपल्या हाताने वर धरू नका.

बोळात शीळ ऐकू येते आहे. ओळ आली. पहिलीने नाक लावले आहे, मामींच्या ठिगळावर. तिला नव्या कापडाचा वास आवडलेला दिसतो.